मॅक्सवेलचा डीमन

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर संपादक मंडळाला धरा, त्यांनीच मागे लागून लिहायला लावलं! मला खरं तर आमच्या मिनी प्रोजेक्टबद्दल लिहायचं होतं, पण लिहिता लिहिता विषय स्कॉटलंडला जाऊन पोचला. कसा, ते सांगते.

लेडीज हॉस्टेलच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे. पहाटे साडेपाचला गेलात तर कढत पाणी, साडेसहाला कोमट आणि सातनंतर थेट महाबळेश्वर. म्हणून आम्ही तिघींनी प्रोजेक्ट घेतला की टाकीला टेंपरेचर सेन्सर लावायचे आणि दर मिनिटाचं रीडिंग लॅबमधल्या लिनक्स सर्व्हरवर साठवायचं. प्रोग्रॅम छान चालला. पण रात्री दहाला लॅब बंद होते. मी लॉगआउट करून हॉस्टेलला आले आणि सकाळी फाइल उघडली तर शेवटचं रीडिंग दहा वाजून दोन मिनिटांचं! दुसऱ्या दिवशी मॅन्युअल वाचून त्या प्रोग्रॅमची रीतसर सर्व्हिस बनवली. मध्येच बंद पडला तर आपोआप पुन्हा सुरू होईल अशी सोयही केली. दिवसभर मस्त. रात्री पुन्हा दहा वाजून दोन मिनिटं. तिसऱ्या रात्रीही तेच, आणि सबमिशनला आठ दिवस उरलेले.

शेवटी लॅबमधल्या काकांना दाखवलं. ते हसले. त्यांचं निदान असं की माझा डीमन लॅबमध्ये थांबतच नाही, माझ्याबरोबरच हॉस्टेलला परत जातो. त्यांनी एक ओळ टाइप केली आणि प्रश्न मिटला. ती ओळ शेवटी सांगते. माझ्या डोक्यात राहिला तो शब्द. डीमन म्हणजे कॉम्प्युटरवर पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम. त्याला खिडकी नसते, तो कुणाशी बोलत नाही, गुपचूप काम करत राहतो. प्रिंटरची रांग सांभाळणारा, ठरलेल्या वेळी कामं सुरू करणारा, वेबसाइटची पानं देणारा, हे सगळे डीमनच. पण हे भुताचं नाव दिलं कुणी? शोधत गेले तर शेवटी जेम्स क्लार्क मॅक्सवेल निघाला. ज्याच्या चार समीकरणांनी आमच्या निम्म्या बॅचला केटी लावली, तोच!

जेम्सचा जन्म १३ जून १८३१ रोजी एडिंबरोमध्ये झाला. घर कुठल्या रस्त्यावर, तर इंडिया स्ट्रीट, नंबर १४. वडील वकील होते, पण त्यांचा खरा जीव यंत्रांत आणि आपल्या शेतीवाडीत होता. त्यामुळे जेम्स वाढला तो ग्लेनलेअर नावाच्या खेड्यातल्या घरात. तीन वर्षांचा होण्याआधीच हे पोरगं घरातली कुलपं, किल्ल्या, दारं तपासत फिरायचं. नोकरांना बोलावण्याच्या घंटांच्या तारा भिंतीतून कुठे जातात ते शोधायचं आणि प्रत्येक गोष्ट कशी चालते हे विचारून मोठ्या माणसांना भंडावून सोडायचं. वरवरचं उत्तर दिलं तर त्याचं समाधान होत नसे.

१८३९ साली, तो आठ वर्षांचा असताना, आई पोटाच्या कॅन्सरने गेली. घरी शिकवायला एक तरुण मास्तर ठेवला होता, तो कान पिळायचा आणि डोक्यात पट्टी मारायचा. मावशीच्या हे लक्षात आले तेव्हा जेम्सला एडिंबरोच्या शाळेत घालायचे ठरले. शाळेच्या पहिल्या दिवशी तो वडिलांनी स्वतः डिझाइन केलेले कपडे आणि चौकोनी टोकाचे बूट घालून गेला. मुलांनी त्याची काय अवस्था केली असेल ते आपल्याकडे फर्स्ट इयरला आलेल्या कुणालाही सांगायला नको. कपडे फाटून घरी आला आणि नाव पडले डॅफ्टी, म्हणजे वेडपट. पण याच शाळेत त्याला पीटर टेट नावाचा मित्र मिळाला. हा टेट पुढे दोनदा येणार आहे, लक्षात ठेवा.

चौदाव्या वर्षी त्याने टाचण्या आणि दोरा वापरून अंडाकृती वक्र काढायची पद्धत शोधली. त्यावरचा पेपर १८४६ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ एडिंबरोत वाचला गेला, पण वाचला दुसऱ्याने. मुलगा फारच लहान, त्याला व्यासपीठावर कसे उभे करायचे म्हणून प्रोफेसर फोर्ब्ज यांनी वाचला. म्हणजे पहिल्याच कामात हा पडद्यामागे!

पुढे एडिंबरो युनिव्हर्सिटी आणि १८५० पासून केंब्रिज. केंब्रिजचा एक किस्सा हॉस्टेलवाल्यांनी वाचलाच पाहिजे. मॅक्सवेलने वेळापत्रकाचे प्रयोग स्वतःवर केले. एका प्रयोगात व्यायामाची वेळ रात्री दोन ते अडीच होती. व्यायाम म्हणजे काय, तर वरच्या कॉरिडॉरमधून पळत जायचे, जिना उतरायचा, खालच्या कॉरिडॉरमधून पळायचे, जिना चढायचा, की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्या वाटेवरची मुले दाराआड बूट आणि केसांचे ब्रश घेऊन दबा धरून बसू लागली आणि तो आला की नेम धरून फेकू लागली. आमच्या विंगमध्ये असं कुणी केलं असतं तर बुटांवर भागलं नसतं.

१८५४ च्या गणिताच्या परीक्षेत तो दुसरा आला. पहिला आला तो एडवर्ड राउथ. हो, कंट्रोल सिस्टिम्समधला राउथ! याच्याकडेही परत यायचे आहे.

१८५६ मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी पंचविसाव्या वर्षी तो ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात प्रोफेसर झाला. तिथे असताना शनीच्या कड्यांचा प्रश्न सोडवला. कडी घन असती तर तुटली असती, द्रव असती तर फुटून गोळे झाले असते, म्हणजे ती असंख्य छोट्या तुकड्यांचीच असली पाहिजेत, हे त्याने नुसत्या गणिताने दाखवले. त्याबद्दल १८५७ मध्ये ॲडम्स प्राइज मिळाले. व्हॉयेजर यान शनीजवळ पोचले १९८० साली, तेव्हा कडी तशीच दिसली. कॉलेजच्या प्रिन्सिपॉलची मुलगी कॅथरीन ड्यूअर हिच्याशी १८५८ मध्ये त्याचे लग्न झाले. (प्रिन्सिपॉलचा जावई म्हटल्यावर नोकरी पक्की, असं आपल्याला वाटेल ना?) १८६० मध्ये ॲबर्डीनची दोन कॉलेजे एकत्र केली. एका विषयाला दोन प्रोफेसर नकोत म्हणून एकाला काढले आणि काढलेला होता मॅक्सवेल. मग त्याने एडिंबरोच्या जागेसाठी अर्ज केला. ती जागा मिळाली पीटर टेटला. टेट शिकवायचा उत्तम आणि मॅक्सवेल वर्गात शिकवायला फारसा चांगला नव्हता हेही खरे. त्याच उन्हाळ्यात त्याला देवी आल्या. कॅथरीनने सेवा केली म्हणून वाचला.

मग लंडनचे किंग्ज कॉलेज. १८६० ते १८६५ ही पाच वर्षे म्हणजे कमाल आहे. १८६१ मध्ये त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जगातला पहिला रंगीत फोटो पडद्यावर दाखवला. लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून काढलेले तीन फोटो एकावर एक टाकून स्कॉटिश कापडाची रिबन दाखवली. आजचा प्रत्येक मोबाइलचा स्क्रीन त्याच तत्त्वावर चालतो. याच काळात त्याला वीज आणि चुंबकत्वाच्या गणितातून निघणाऱ्या लहरींचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळताना दिसला. म्हणजे प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे! याबद्दलचा मोठा पेपर १८६५ मध्ये छापून आला. त्यात समीकरणे वीस होती. आपण पाठ करतो ती चार रूपे नंतर हेविसाइडने केली, तेव्हा शिव्या द्यायच्याच तर योग्य पत्त्यावर द्या.

मला स्वतःला मात्र त्याच्या लंडनच्या घराचा माळा सगळ्यात आवडला. तिथे तो वायूंची चिकटपणाची मोजणी करायचा. खोलीचे तापमान स्थिर ठेवणे भाग होते. थर्मोस्टॅट नव्हता, कॅथरीन होती. ती शेगडी पेटती ठेवायची, किटलीची वाफ सोडायची, तासन् तास. दाब कमी-जास्त केला तरी वायूची व्हिस्कॉसिटी तीच राहते, हा अजब निष्कर्ष त्या माळ्यावर पक्का झाला. रंगांच्या प्रयोगातही निरीक्षक म्हणून ती बसायची आणि पेपरमध्ये तिचा उल्लेख आहे फक्त एका अक्षराने, के. बॅकग्राउंड सर्व्हिस म्हणजे काय ते हे.

१८६५ मध्ये नोकरी सोडून तो ग्लेनलेअरला परतला. १८६८ मध्ये त्याने गव्हर्नरवर पेपर लिहिला. आपण थिअरी ऑफ मशीन्सला ज्याची आकृती काढतो तोच, वाफेच्या इंजिनचा वेग सांभाळणारा. काही गव्हर्नर इंजिनला शांत करण्याऐवजी आणखीच हेलकावे का देतात याचे गणित त्याने मांडले, पण सगळ्या प्रकारच्या यंत्रांसाठी एकच कसोटी त्याला मिळाली नाही. ती १८७७ मध्ये राउथने दिली. परीक्षेत याला मागे टाकणाऱ्या त्याच राउथने!

आता डीमन. डिसेंबर १८६७ मध्ये मॅक्सवेलने एका पत्रात एक कल्पना लिहून पाठवली. पत्र कुणाला? टेटला, ज्याने त्याची नोकरी घेतली होती. दोघांची दोस्ती इतकी घट्ट होती की टेटच्या पुस्तकातल्या एका समीकरणात डीपी बाय डीटी बरोबर जेसीएम असे आले, जेसीएम ही मॅक्सवेलची आद्याक्षरे, तर पुढे हा पोस्टकार्डांवर सहीच डीपी बाय डीटी अशी करायचा. (हे पॉलिटेक्निकहून आलेल्या आमच्या रूममेटलाही जमलं नसतं.)

कल्पना अशी. मॅक्सवेलने मांडली ती हवेच्या पेटीत, मी आपल्या बादलीत मांडते. समजा कोमट पाण्याची बादली आहे. कोमट म्हणजे सगळे रेणू एकाच वेगाचे नव्हेत. काही सुसाट, काही रेंगाळणारे, सरासरी कोमट. आता मध्ये एक भिंत घाला, भिंतीला एक इवलं दार आणि दारावर एक इवला पहारेकरी बसवा. जोरात येणारा रेणू दिसला की दार उघडून त्याला डावीकडे सोडायचे, हळू येणाऱ्याला उजवीकडे. थोड्या वेळाने डावीकडे कढत पाणी आणि उजवीकडे गार! वीज नाही, गॅस नाही, सोलर नाही. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम सांगतो की असे आपोआप होत नसते. मॅक्सवेलला तो नियम खोटा पाडायचा नव्हता. हा नियम प्रचंड संख्येच्या सरासरीचा आहे, एकेका रेणूवरचा हुकूम नव्हे, एवढेच त्याला दाखवायचे होते. १८७१ मध्ये त्याने ही गोष्ट आपल्या उष्णतेवरच्या पुस्तकात घातली. डीमन हे नाव मात्र त्याचे नाही. ते विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, १८७४ मध्ये दिले. मॅक्सवेलला ते फारसे पसंत नव्हते. त्याच्या मते त्याला सरळ व्हॉल्व्ह म्हणावे.

हा पहारेकरी फुकट काम करतो तरी कसा, हे कोडे शंभर वर्षे टिकले. आयबीएमच्या लँडॉवरने १९६१ मध्ये दाखवले की माहिती पुसायला ऊर्जा लागते, आणि १९८२ मध्ये बेनेटने ते डीमनला लावले. पहारेकऱ्याला प्रत्येक रेणूची नोंद ठेवावी लागते, त्याची वही कधीतरी भरणार, आणि वही पुसताना सगळी बचत परत जाणार.

१८७१ मध्येच मॅक्सवेल केंब्रिजला कॅव्हेंडिश प्रोफेसर झाला आणि १८७४ मध्ये त्याने उभारलेली कॅव्हेंडिश लॅब उघडली. इथे मला त्याचा राग येतो. त्याला या लॅबमध्ये मुली नको होत्या. अखेर परवानगी दिली ती मोठ्या सुट्टीपुरती, म्हणजे तो स्वतः स्कॉटलंडला गेलेला असायचा तेव्हाची. त्याच्या सहायकाने, विल्यम गार्नेटने, मग त्या काही आठवड्यांत मुलींचा विजेच्या मोजमापाचा अख्खा कोर्स करून घेतला. घरात माळ्यावर बायकोच्या हातून प्रयोग चालतो, आणि लॅबच्या दारावर हे महाशय कुणाला आत सोडायचं ते ठरवत उभे! आपला लेख गौरवाचा आहे म्हणून हे गाळावं असं एका मैत्रिणीचं मत पडलं, मी गाळलेलं नाही. त्याच माणसाने कॅथरीनच्या आजारपणात तीन आठवडे पलंगाला पाठ न टेकता तिच्या उशाशी बसून काढले होते, हेही गाळत नाही.

१८७९ च्या ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी त्याला सांगितले की महिनाभर उरला आहे. आजार तोच, आईचा. त्याने ते शांतपणे ऐकले. काळजी होती ती कॅथरीनचे पुढे कसे होणार याची. ५ नोव्हेंबर १८७९ रोजी तो केंब्रिजमध्ये गेला, वय ४८. ग्लेनलेअरजवळ पार्टन गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. त्याच्या लहरी प्रत्यक्ष पकडून दाखवणारे हर्ट्झचे प्रयोग १८८७-८८ चे. म्हणजे ते त्याने पाहिलेच नाहीत.

आता पुन्हा कॉम्प्युटर. १९६३ मध्ये अमेरिकेत एमआयटीत फर्नांडो कोर्बाटोंची टीम आयबीएम ७०९४ मशीनवर काम करत होती. एकच मशीन एकाच वेळी अनेक जणांनी वापरायची ही तेव्हा नवी गोष्ट होती. माणसे टर्मिनलवर आपापले काम करणार आणि मागे काही प्रोग्रॅम न थकता घरकाम करणार, जसे फाइल्सचा टेपवर बॅकअप घेणे. फिजिक्सवाल्यांना न दिसणारा, न थकणारा कामकरी म्हटल्यावर मॅक्सवेलचा पहारेकरीच आठवला. त्यांनी नाव ठेवले डीमन, इंग्रजीत जुन्या स्पेलिंगने. ग्रीक कथांमध्ये डीमन म्हणजे सैतान नव्हे, माणूस आणि देव यांच्या मधला एक अदृश्य जीव. तिथून शब्द युनिक्समध्ये आला. सर्व्हरवरच्या कितीतरी प्रोग्रॅमच्या नावाच्या शेवटी डी का असतो ते आता कळलं असेल.

पण हे डीमन मालकाचे. मशीन सुरू झाली की सिस्टिम त्यांना उठवते आणि त्यांना ॲडमिनचे अधिकार असू शकतात. माझ्यासारख्या साध्या युजरला स्वतःचा डीमन पाळायचा असेल तर? बरीच वर्षे जुगाडच होते. टर्मिनल बंद झाले की सिस्टिम त्यातल्या प्रोग्रॅमना हँगअप नावाचा सिग्नल पाठवते. हे नाव फोन लाइनवरून कॉम्प्युटर वापरायचे त्या दिवसांतले, फोन ठेवला की संपले. तो सिग्नल कानाआड करायला लावणारी कमांड आहे, स्क्रीनसारखे प्रोग्रॅम आहेत, ठरल्या वेळी काम करणारा क्रॉन आहे. पण प्रोग्रॅम मध्येच मेला तर त्याला पुन्हा उठवायला त्यात कुणी नसते. ॲपलने २००५ मध्ये मॅकवर लाँचडी आणले, त्यात सिस्टिमचे डीमन वेगळे आणि युजरचे एजंट वेगळे. लिनक्सवर २०१० मध्ये सिस्टिमडी आले. ते प्रत्येक युजरला त्याचा स्वतःचा छोटा मॅनेजर देते. आपल्या होम फोल्डरमध्ये एक छोटी फाइल लिहायची, काय चालवायचे, मेले तर काय करायचे. ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही आणि दुसऱ्याच्या कामाला धक्काही लागत नाही. मी तेच केलं होतं.

अडचण अशी की हा मॅनेजर तुम्ही पहिल्यांदा लॉगइन केलं की उठतो आणि तुमचं शेवटचं सेशन संपलं की आपल्या सगळ्या सर्व्हिसेस आवरून झोपतो. माझे दहा वाजून दोन मिनिटं ते हेच. सामायिक मशीनवर हे बरोबरही आहे, नाहीतर पास होऊन गेलेल्या सीनियर्सचे प्रोग्रॅम अजून फिरत राहिले असते. २०१६ मध्ये सिस्टिमडीच्या एका व्हर्जनने एक पाऊल पुढे टाकून लॉगआउटनंतर युजरचं उरलेलं सगळंच बंद करायचं ठरवलं. रात्रभर कामं लावून जाणाऱ्या लोकांनी इतका आरडाओरडा केला की कित्येक डिस्ट्रिब्यूशन्सनी ती सेटिंग बदलून टाकली. ज्याला खरोखर थांबायचं आहे त्याच्यासाठी वेगळी परवानगी आहे, लिंगर. म्हणजे रेंगाळणे! ती दिली की तुमचा मॅनेजर मशीनबरोबर उठतो आणि तुम्ही नसलात तरी जागा राहतो. काकांनी टाइप केलेली ओळ ती. आमच्या सर्व्हरवर ती ॲडमिनलाच देता येते, म्हणून काका.

त्या रात्री पहिल्यांदा सलग रीडिंग आली. निष्कर्ष असा निघाला की टाकीतलं पाणी रात्रीत फारसं गार होत नाही, आपणच सकाळी साडेसहापर्यंत ते संपवतो. सबमिशन झालं, व्हायवा झाली, आम्ही घरी गेलो आणि सर्व्हिस बंद करायची राहून गेली. सुट्टीत गच्चीवरच्या बोर्डाची वीज गेली, माझा प्रोग्रॅम सेन्सर सापडत नाही म्हणून एररवर एरर लिहीत सुटला आणि माझा सगळा डिस्क कोटा भरला. जूनमध्ये काकांनी बोलावून घेतलं. कामाची रीडिंग बाजूला काढून बाकीचं पुसायला मला अख्खी दुपार लागली. तेवढा वेळ काका शेजारी चहा पीत बसले होते.